झेबा आपांना कोणी ओळखत नाही

हैदराबादच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक दरवर्षी माझ्याकडे लेख मागतात आणि दरवर्षी एकच अट घालतात. ‘‘काका, सिनेमावाल्यांचे खटले लिहा. कायदा नको, गंमत हवी.’’

आजवर मी त्यांना गंमत देत आलो. सिकंदराबादच्या बिर्याणीवाल्याची गोष्ट मागच्या अंकात काहींनी वाचली असेल. त्यानं हॉटेलच्या दारावर एका मोठ्या हिरोचा माणसाएवढा फोटो लावला म्हणून हिरोच्या वकिलांची नोटीस आली. तो माझ्याकडे येऊन शपथेवर सांगू लागला, ‘‘साब, ये हीरो नै, मेरा साला है.’’ मी हसलो. दुसऱ्या दिवशी तो साल्यालाच घेऊन ऑफिसात आला, आणि मी खुर्चीतून अर्धा उठून हात जोडले. साला रेल्वेत फिटर होता. खटला आपसात मिटला. हिरोच्या वकिलांनीही सालेसाहेबांबरोबर फोटो काढून घेतले.

असे किस्से माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण ज्या एका खटल्यामुळे या विषयातला जाणकार म्हणून माझं नाव झालं, तो मी कधी लिहिला नाही. यंदा तोच लिहितो. त्यात गंमत आहे, पण ती माझी नाही.

आधी धंद्यातली गोष्ट थोडक्यात सांगतो. आपल्याकडे माणसाच्या चेहऱ्यासाठी असा वेगळा कायदा नाही. कोर्टांनी निरनिराळ्या निकालांमधून तो हळूहळू उभा केला. कोणी तुमचा चेहरा, आवाज, लकब न विचारता माल विकायला वापरली, तर तुम्ही दावा लावू शकता. पण साधारणपणे दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. चित्रातला माणूस तुम्हीच आहात, आणि लोक तुम्हाला ओळखतात. ज्याला कोणी ओळखत नाही त्याचा चेहरा चोरून कोणाला काय मिळणार, असा त्यामागचा विचार. नटनट्यांना ही दुसरी पायरी चढावी लागत नाही. बाकीच्यांना लागते. आणि प्रतिवादीचा वकील त्या पायरीवरच उभा असतो. मी तिथं उभा होतो.

झेबुन्निसा बेगम हे नाव आजच्या पिढीला माहीत नसेल. हैदराबादेत वाढलेल्या पन्नाशीपुढच्या माणसाला मात्र ‘बन्नो खाला’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. झेबा आपा दखनी बोलीतले विनोदी प्रवेश करायच्या. रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमात, कारखान्यांच्या गॅदरिंगमध्ये, नुमाइशच्या, म्हणजे दरवर्षीच्या मोठ्या प्रदर्शनाच्या, मैदानावर. त्यांची बन्नो खाला म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांची लग्नं जुळवणारी आणि सगळ्यांची भांडणं लावणारी म्हातारी. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं दोरा बांधून तो कानाला अडकवलेला. काखेत पानदान. हनुवटीवर बोट ठेवून ती म्हणायची, ‘‘खाला की नै सुनते, तो किसकी सुनते?’’ आणि सगळं मैदान उरलेलं वाक्य पूर्ण करायचं, ‘‘किसीकी बी नै सुनते!’’

नल्लकुंट्यातल्या आमच्या घरात हे वाक्य रोज कोणी ना कोणी म्हणायचं. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, उर्दू माध्यमात शिकलेले, अत्यंत अबोल. त्यांना मी मोठ्यानं हसताना फक्त बन्नो खालाच्या कार्यक्रमात पाहिलं. माझं लग्न ठरलं तेव्हा मी बायकोला, सुनंदाला, पहिल्यांदा बाहेर घेऊन गेलो तेही याच कार्यक्रमाला. ती पुण्याची. तिला निम्मं कळलं नाही, तरी ती हसून हसून रडली.

हे एवढ्यासाठी सांगतो, की मी अजाणता काही केलं असं कोणी म्हणू नये.

नरसिंहम गारू, म्हणजे आपल्याकडचे नरसिंहमराव, माझ्याकडे आले तेव्हा झेबा आपांनी काम सोडून बरीच वर्षं झाली होती. नरसिंहम गारूंचा तिखट-मसाल्याचा कारखाना होता. माणूस साधा, मेहनती, बोलायला मोकळा. त्यांनी माझ्या टेबलावर मिरची पुडीचं पाकीट ठेवलं. पाकिटावर एका म्हातारीचं चित्र. चष्म्याला दोरा, काखेत पानदान, हनुवटीवर बोट. खाली वाक्य, ‘‘खाला की सुनो, यहीच मिर्ची लो.’’

‘‘हिनं दावा लावलाय,’’ ते म्हणाले. ‘‘चित्र काढून टाका म्हणते.’’

मी पाकीट हातात घेऊन बघत राहिलो. ‘‘या झेबा आपाच आहेत ना?’’

‘‘सर, आणखी कोण? आमच्या आर्टिस्टला मी त्यांचा जुना फोटो दिला होता. लोक ओळखतात म्हणून तर पाकीट चालतं.’’ मग त्यांनी विचारलं, ‘‘विचारायला हवं होतं का अंडी?’’ तेलुगूतलं ‘अंडी’ म्हणजे आपलं ‘अहो’.

तेव्हा मी ‘हो’ म्हणायला हवं होतं. ‘त्यांच्या घरी जा, माफी मागा, त्यांना पटेल ते करा,’ एवढा सल्ला दिला असता तर नरसिंहम गारू त्या दिवशीच गेले असते, असं मला आजही वाटतं. पण दावा वाचताना मला त्यातली फट दिसली होती. झेबा आपांच्या हाती पुरावा जवळपास नव्हता. रंगमंचावरचं काही चित्रित झालेलं नव्हतं. कॅसेट निघाल्या त्या चोरून, नावाशिवाय. घरात एकदा नाल्याचं पाणी शिरलं त्यात फोटो आणि कात्रणं गेली. उरलेल्या चार कात्रणांच्या झेरॉक्स दाव्याला जोडल्या होत्या. वकिलाला अशी फट दिसली की त्याला दुसरं काही दिसत नाही. मी म्हणालो, ‘‘बघू. लढता येईल.’’

आमच्या कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, मी दोन मुद्दे घेतले. एक, हे चित्र कोणत्याही म्हातारीचं असू शकतं. दोन, ते झेबुन्निसा बेगम यांचं मानलं, तरी त्यांना आज कोणी ओळखत नाही.

दुसऱ्या मुद्द्याला आधार हवा होता. म्हणून एका सकाळी मी स्वतः ते पाकीट आणि कोऱ्या कागदांची वही घेऊन सुलतान बाजारात गेलो. पाकिटावरचं वाक्य झाकायचं, चित्र दाखवायचं आणि ही कोण ते विचारायचं, अशी माझी योजना होती. दहांतले दोघं-तिघं ओळखतील, बाकीच्यांची उत्तरं आपल्याला चालतील, असा अंदाज.

पहिल्याच कापडाच्या दुकानात मालकानं चित्र पाहिलं आणि ओरडला, ‘‘अरे, ये तो बन्नो खाला है!’’ शेजारचा बांगडीवाला आला. समोरचा पुस्तकवाला आला. साडी घ्यायला आलेल्या दोन बायका थांबल्या. त्यांतली एक तेलुगू बोलणारी होती, तिनं हनुवटीवर बोट ठेवून खालाची नक्कल केली. बांगडीवाल्याला खालानं जावयाला जेवायला बोलावल्याचा अख्खा प्रवेश तोंडपाठ होता. त्यानं तो काउंटरवर हात आपटत करून दाखवला. ‘‘ज़िंदा है क्या अम्मा?’’ कापडवाल्यानं मला विचारलं. मी ‘हौ’ म्हटल्यावर त्यानं वर बघून हात जोडले. ‘‘मेरा सलाम बोलो.’’

मी अर्धा तास तिथं होतो. त्यांच्याबरोबर हसलो. सवयीनं वहीत सगळं लिहूनही घेतलं, कोण काय म्हणालं ते, दुकानांच्या नावांसकट.

ऑफिसात येऊन ती पानं मी फाडून एका पाकिटात घातली आणि कपाटात ठेवली. प्रतिपक्षाचा पुरावा आपण गोळा करून द्यावा, असं कोणताही कायदा सांगत नाही. तेव्हा मी स्वतःला हे वाक्य सांगितलं आणि माझं समाधान झालं.

पुढची कल्पना माझीच. नरसिंहम गारूंना ती सुचणं शक्य नव्हतं. मी गच्चीबोवलीला गेलो. तिथल्या काचेच्या इमारतींमध्ये काम करणारी मुलं-मुली कुठून कुठून आलेली. त्यांतली पुण्या-मुंबईची बरीच. दुपारी जेवायला खाली उतरली की मी त्यांना गाठायचो. मराठी ऐकून ती आनंदानं थांबायची.

‘‘काका, ही कोण?’’ एका मुलीनं चित्र बघून मलाच विचारलं. ‘‘तुमच्या ओळखीच्या आहेत का?’’

‘‘तुला माहीत आहे का, ते सांग.’’

‘‘नाही हो. आम्हाला इथं येऊन सहा महिने झाले.’’

‘‘मग तसं लिहून देशील?’’

तिनं दिलं. इतरांनीही दिलं. सहा महिन्यांचा मुद्दा मी कागदावर येऊ दिला नाही. ‘मी हैदराबाद येथे राहते’ एवढंच. ते खोटं नव्हतं.

उलटतपासणीच्या दिवशी मी कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. झेबा आपा आल्या. काळा बुरखा, हातात काठी, बरोबर भाचीची लेक नसरीन, पस्तिशीची शिक्षिका. दाराशी येऊन आपांनी चेहऱ्यावरचा नकाब वर केला, आणि मी काही कळायच्या आत उठून उभा राहिलो. जसा वडिलांसमोर उभा राहायचो तसा. मग मला माझी जागा आठवली. मी फाईल काढण्याच्या निमित्तानं मागे वळलो.

न्यायाधीश जिल्ह्यातून नुकतेच बदलून आलेले, सज्जन पण घाईतले. साक्ष कशी होते ते सांगतो. साक्षीदार आपल्या बोलीत उत्तर देतो, न्यायाधीश त्याचा सारांश इंग्रजीत टायपिस्टला सांगतात, आणि टाइप होतं ते आणि तेवढंच पुढे उरतं.

आधी मी कात्रणांवर हरकत घेतली. मूळ प्रती नाहीत, म्हणून ग्राह्य नाहीत. मग आपांनी शेजाऱ्यांचा मुद्दा काढला. ‘‘मोहल्ले के लोगां मेरेकू बोल रे, आपा, तुम्हारी मिर्ची में रंग है. मैं क्या मिर्ची बेच रइ? मेरी खाला लोगां को हँसाई, कुछ बेची नै.’’ त्यांना पैसे नको होते. हे एवढंच त्यांना कोर्टाला सांगायचं होतं.

मी विचारलं, ‘‘हे लोक तुमचे शेजारी आहेत ना? मग ते तुम्हाला ओळखणारच.’’ टाइप झालं, ‘मला शेजारी ओळखतात हे खरं आहे.’

मग मी तो प्रश्न विचारला. पुढे तरुण वकील तो प्रश्न एकमेकांना सांगायचे.

‘‘आज कोर्टात कशा आलात?’’

‘‘बस से.’’

‘‘बसमध्ये गर्दी होती?’’

‘‘हौ. मुर्गियों के जैसा भरे थे.’’ लोक हसले.

‘‘एवढ्या गर्दीत तुम्हाला कोणी ओळखलं? बन्नो खाला म्हणून कोणी हाक मारली?’’

‘‘नै.’’

‘‘कोणी उठून जागा दिली?’’

‘‘दिए ना. बुड्ढी समझ के दिए.’’

पुन्हा हशा. न्यायाधीशही हसले. मग त्यांनी सांगितलं ते टाइप झालं, ‘मी बसने आले. बसमध्ये गर्दी होती. मला कोणीही ओळखलं नाही.’ हसू कागदावर येत नाही.

आपा बसमध्ये बुरख्यात होत्या. नकाब खाली होता. सख्ख्या भावानं ओळखलं नसतं. हे मला प्रश्न विचारण्याआधी माहीत होतं. तो प्रश्न मला सुचलाच मुळी त्यांना दारात नकाब वर करताना पाहून. त्यांच्या वकिलानं फेरतपासणीत एक वाक्य विचारलं असतं तर माझा डाव उधळला असता. तो सरळ माणूस, त्याच्या लक्षात आलं नाही. आपांच्याही आलं नाही. त्या हसणाऱ्या लोकांकडे बघत होत्या. खूप दिवसांनी समोर माणसं हसत होती, त्यांना बरं वाटत होतं.

मी बसणार इतक्यात त्या म्हणाल्या, ‘‘वकील साब, एक बात पूछूँ? मैं आई, तो तुम उठ के खड़े हो गए थे. कायकू?’’

मी न्यायाधीशांकडे बघून म्हणालो, ‘‘साक्षीदारानं फक्त विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत.’’

‘‘बरोबर आहे,’’ न्यायाधीश म्हणाले, आणि आपांना समजावलं, ‘‘अम्मा, आप सवाल नै पूछ सकते.’’

‘‘अच्छा,’’ त्या म्हणाल्या आणि काठी सावरत पिंजऱ्यातून उतरल्या. त्यातलं काही टाइप झालं नाही.

दावा फेटाळला गेला. वादी प्रसिद्ध व्यक्ती असल्याचं सिद्ध झालेलं नाही, असं निकालात स्पष्ट लिहिलं गेलं. नरसिंहम गारूंनी पुढच्या पाकिटांवर खाला आणखी मोठी केली आणि माझ्या घरी मसाल्यांची टोपली पाठवली. सुनंदानं एक पाकीट उचलून पाहिलं.

‘‘हा खटला होता?’’

‘‘हो.’’

‘‘तुम्ही कोर्टात म्हणालात की झेबा आपांना कोणी ओळखत नाही?’’

‘‘मी म्हणालो नाही. पुराव्यात तसं आलं.’’

तिनं टोपली उचलली आणि खालच्या वॉचमनला देऊन आली. त्या विषयावर ती परत बोलली नाही. तिनं बोलावं असं मला फार वाटायचं. मीही काढला नाही.

नंतर बरीच वर्षं गेली. आता नटांचे आवाज कॉम्प्युटरवर हुबेहूब तयार होतात, जाहिरातीत वापरले जातात, आणि मोठी माणसं कोर्टात गेली की त्यांना चटकन मनाई हुकूम मिळतो. त्यामुळे हा विषय फॅशनमध्ये आला आणि निवृत्त झाल्यावरही मला भाषणांना बोलावू लागले. अशाच एका भाषणानंतर एक वकिलीण जवळ आली. ‘‘सर, तुमचा तो बसचा प्रश्न आम्हाला शिकवतात.’’ मी थँक यू म्हणालो.

त्या आठवड्यात मी मलकपेटला आपांच्या घरी गेलो. सुलतान बाजारच्या पानांचं ते पाकीट खिशात होतं. दार नसरीननं उघडलं. तिनं मला लगेच ओळखलं आणि दारातच उभी राहिली. आतून आपांचा आवाज आला, ‘‘कौन है?’’

‘‘वो मिर्ची वाले वकील,’’ नसरीन म्हणाली.

‘‘आने दे.’’

आपा पलंगावर बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. सुलतान बाजार, गच्चीबोवली, बुरखा. माफी मागितली. त्यांनी माफीकडे लक्षच दिलं नाही.

‘‘सुलतान बाज़ार में कौन कौन था?’’ त्यांनी विचारलं.

मी खिशातली पानं काढून वाचू लागलो. कापडवाला, बांगडीवाला, पुस्तकवाला, त्या दोन बायका.

‘‘चूड़ी वाला कौन सा किस्सा किया?’’

‘‘जावयाच्या दावतचा.’’

‘‘पूरा किया?’’

‘‘पूरा.’’

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, ‘‘नसरीन, बच्चों को बुला. वकील साब, फिर से पढ़ो.’’

नसरीनची दोन मुलं आली, दारात तिचा नवरा येऊन उभा राहिला. मी पहिल्यापासून पुन्हा वाचलं. वाचून झाल्यावर नसरीन मला हळू आवाजात म्हणाली, ‘‘घर में सब मज़ाक करते थे अंकल. नानी कुछ बताने लगी कि बोलते, कोर्ट ने तो लिख के दिया, तुमको कोई नै जानता. मैं बी बोली हूँ एक-दो बार.’’

हे मला माहीत नव्हतं. निकाल लागला की फाईल बंद होते, असंच मी जन्मभर समजत आलो. त्या कागदाबरोबर कोणाला एका घरात राहावं लागतं, याचा विचार केला नव्हता.

निघताना आपांनी माझा हात धरला. बोटं अगदी हलकी लागली. ‘‘जो पढ़े, वो मेरेकू लिख के देव. नीचे दस्तखत करो. पैसा नक्को, केस नक्को. घर में रखती.’’

उर्दू मला उत्तम लिहिता येतं, वडिलांनी शिकवलं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. आणि मी त्यांना सांगितलं की लिहून देता येणार नाही. अशिलाचं काम करताना मिळालेली माहिती वकिलाला उघड करता येत नाही, त्यावर सही करून दिली तर बार कौन्सिलकडे तक्रार होऊ शकते, वगैरे. सगळं खरं होतं. मग हीच माहिती त्यांच्या घरात बसून दोनदा मोठ्यानं वाचली ती कशी, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी फक्त हात सोडला.

‘‘चाय पी के जाव,’’ त्या म्हणाल्या.

मी चहा घेतला. ती पानं घडी करून परत खिशात ठेवली आणि घरी आलो. त्या आजही हयात आहेत. मी पुन्हा गेलेलो नाही.

संपादकांना हा लेख गमतीचा वाटणार नाही, पण ते छापतील. लिहून झाल्यावर सुनंदाला वाचायला दिला. तिनं शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, ‘‘आपांना मराठी वाचता येतं?’’

‘‘नाही.’’

‘‘आणि त्यांचं नाव झेबुन्निसा कुठं होतं?’’

नव्हतं. ते मी बदललं आहे. बन्नो खाला हेही त्यांच्या पात्राचं नाव नाही, आणि ते वाक्यही मी नवं रचलं, म्हणजे कोणाच्या लक्षात येऊ नये. खरं नाव लिहिलं असतं तर तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी त्यांना ओळखलं असतं.